बायांगा : दुभाष्या बांगीतून नेऊ नका
बायांगा हे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातलं गाव. तिथल्या रानातल्या अका लोकांना भेटायला मी गेलो होतो. राजधानी बांगीतल्या मध्यस्थाने मला दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या. अका आणि बाका या भाषा एकच, त्यामुळे कॅमेरूनच्या बाकांचे शब्द पाठ केलेत तरी पुरे. आणि दुभाष्या इथूनच न्यावा लागतो. रोजचे 25,000 सीएफए फ्रँक, चार दिवसांचे आगाऊ. दोन्ही साफ खोटं!

बांगीहून नेलेल्या त्या दुभाष्याला सांगो, म्हणजे देशभर चालणारी भाषा, आणि फ्रेंच येत होती. अका अजिबात नाही. बायांगाजवळच्या यांदुंबे या अका वस्तीतल्या एका आजींनी त्याला सांगोत दोन वाक्यांत उत्तर दिलं, मग लेकीकडे वळून त्या बराच वेळ अकात बोलत राहिल्या. ते बोलणं ऐकायला मी इतक्या लांब आलो होतो, आणि त्यातलं काही माझ्यापर्यंत पोचेना.

अका बांटू कुळातली, बाका उबांगी कुळातली. आपण घर-घरं असं शेवटी बदलतो. अकात वचन शब्दाच्या सुरुवातीला बदलतं. एकटा असेल तर मोआका, अनेक असतील तर बाआका. माझे पाठ केलेले ‘ये’, ‘बस’, ‘पाणी’ सगळे वाया गेले. चालले ते ‘कोंबा’, म्हणजे देव, आणि ‘कोको’, म्हणजे रानातली पालेभाजी. दोन्ही भाषांत सारखे शब्द आहेत, पण त्यांतले बरेचसे झाडं, मध आणि रानाचे.

तिसऱ्या दिवशी बायांगातच एक अका तरुण मिळाला आणि सगळं पालटलं. जाळ्याच्या शिकारीत बायका आरोळ्या देत रानातली छोटी हरणं जाळ्याकडे हाकतात. कोणती हाक कोणाला, कोणत्या बाजूने, हे तो कानात सांगत होता. आदल्या दिवशी मला हाच नुसता गलका वाटला होता. रात्री त्यांचं अनेक आवाजांचं गाणं ऐकलं, ज्याला युनेस्कोने 2003 मध्ये मानवतेचा वारसा ठरवलं. मला झोपच आली नाही. झांगा बाई, म्हणजे रानातली मोकळी जागा, तिथले हत्तीही पाहिले, जरूर पाहा. वाटेत ओढ्यातून चालावं लागतं, एवढंच.

आता रस्ता. वाटेवरचं नोला गाव ते बायांगा हा टप्पा पावसात करूच नका. लाल मातीचा रस्ता, पाऊस पडला की रस्त्यावरचं फाटक बंद, आणि कोरडा होईपर्यंत गाड्या उभ्या. आम्ही सहा तास अडकलो आणि ड्रायव्हरने थांबल्याचे वेगळे पैसे मागितले. डिसेंबर ते फेब्रुवारी, बस्स. भाडं ठरवताना फाटकावरचं थांबणं त्यातच धरून कागदावर लिहून घ्या.

दुभाष्याचे पैसे रोज संध्याकाळी, रोख, त्याच्याच हातात द्या. शेती करणाऱ्या शेजाऱ्यांना अका ‘बिलो’ म्हणतात, आणि त्यांतले काही जण अका कुटुंबांना अजूनही आपल्या मालकीची माणसं समजतात. माझ्याकडेही एकजण ‘माझ्याजवळ द्या, मी पोचवतो’ म्हणत आला होता. मी दिले नाहीत. तुम्हीही देऊ नका.