शाल नको, वही द्या

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली, होम मैदानावरचे पाळणे उतरले की सोलापूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत विचारणा सुरू व्हायची, "यंदा ज्येष्ठांचा मेळावा कधी?" तारीख बहुतेक फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला शनिवार. जानेवारीत यात्रेमुळे रस्ते बंद, रिक्षा फिरून फिरून येणार. मार्चमध्ये बारानंतर पत्र्याच्या शेडखाली बसवत नाही. रविवारी पाळकसाहेबांना उसंत नाही. उरतो तो हाच काळ, तोही ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होण्याआधी बसवायचा.

सुरुवातीच्या मेळाव्यांत सत्काराचीच चलती होती. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, मग भाषण. ज्येष्ठ म्हणजे मंडळीचे आधारस्तंभ, वगैरे वगैरे. घरी कपाटात शालींचा ढीग आणि सोमवारपासून पुन्हा खिडकीत बसणं. पुढे कुणीतरी शहाणपणानं शालीचे पैसे वाचवले आणि प्रत्येकाच्या हातात शंभर पानी वही ठेवली. मेळाव्याला रंग चढला तो तिथून.

वहीचं गणित साधं. आठवड्याच्या सात वारांची सात पानं, पानावर पाच नावं. समोर दोन रकाने: प्रार्थना कधी सुरू केली, उत्तर कधी मिळालं. पस्तीस नावांच्या पुढे जायचं नाही. उत्साहात शंभर नावं लिहिली की प्रार्थना राहते बाजूला, नुसती हजेरी होते. त्या पस्तिसांत पाच नावं मंडळीबाहेरची हवीत: दूधवाला, शेजारची तेलुगू आजी, औषधाच्या दुकानातला मुलगा. त्यांच्यासाठी दर आठवड्याला मागणारा माणूस त्यांच्याशी वेगळ्या मायेनं बोलतो. पुढे कधी त्यांनीच विचारलं, "आजी, तुम्ही एवढ्या शांत कशा राहता?" तर सांगायचं. विचारण्याआधी पत्रक हातात कोंबलं की दार बंद होतं आणि शेजारही तुटतो.

दिवसाची सुरुवात साडेनऊला चहानं, बिनसाखरेचा थर्मास वेगळा, वर ठळक चिठ्ठी. दहाला भक्ती. इथे पेटीवाल्यावर बरंच अवलंबून. तरुण पेटीवाला आपल्या गळ्याच्या पट्टीत सुरू करतो आणि दुसऱ्या कडव्याला निम्मी सभा गप्प होते. वयानं बायकांचा आवाजही खाली उतरतो, म्हणून एरवीच्या पट्टीहून दोन स्वर खाली धरायचं आणि लय थोडी सैल ठेवायची. कवी नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती पदं तशी गायली की चष्मा न लावता, पुस्तक मिटून सगळे गातात. कमी ऐकू येणाऱ्यांना पुढची रांग द्यायची, पण कर्ण्यापासून लांब. बोलणाऱ्याच्या पाठीमागे उघडी खिडकी नको. त्याच्या तोंडावर उजेड हवा, कारण अर्धं ऐकणं ओठांवरून होतं.

बायबलातले शास्त्रपाठ ठरलेले असायचे आणि तरी कंटाळा नाही यायचा. ८५ व्या वर्षी डोंगराळ मुलूख मागून घेणारा कालेब, मंदिर न सोडणारी ८४ वर्षांची हन्ना, आणि स्तोत्र ७१ मधलं म्हातारपणाचं मागणं: पुढच्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगेपर्यंत मला सोडू नको. उदाहरणं आपल्या मातीतलीही होती. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मिशनच्या पगारावर पाणी सोडून साताऱ्यात ख्रिस्ताच्या अनुयायांचा 'देवाचा दरबार' मांडला. त्यानंतर त्यांना जेमतेम दोन वर्षं मिळाली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून पवित्र शास्त्र मराठीत आणलं, अखेरच्या दिवसांपर्यंत त्यावर हात फिरवला आणि ५ एप्रिल १९२२ ला डोळे मिटले. ग्रंथ त्यांच्यामागे बाहेर पडला. त्यांच्या मुक्ती मिशनचं केडगाव आपल्याच सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावर. गाडी तिथून जाते तेव्हा नातवंडांना खिडकीतून दाखवा, असं दरवर्षी कुणी ना कुणी सांगायचंच.

अकराला साक्षी, म्हणजे प्रभूचा आपल्याला आलेला अनुभव सांगणं. मेळाव्याचा जीव इथे, आणि घोटाळाही इथेच. प्रत्येकाला तीन मिनिटं. बोलणारे आधी ठरवायचे, सहाच्या वर नाहीत, आणि प्रत्येकाने फुलस्केपचं एक पान लिहून आणायचं. पानाचे तीन भाग: आधी कसं होतं, प्रभूनं कुठे गाठलं, आता काय बदललं. गाडी अडते पहिल्या भागात. मिशनचा बंगला, वसतिगृहातली हजेरी, छडीवाले मास्तर, मिलचा भोंगा यांत अडीच मिनिटं जातात आणि ख्रिस्त यायच्या वेळेला घंटा वाजते! उपाय असा, की पान शेवटून लिहायला लावायचं: आधी 'आता काय बदललं' याची चार वाक्यं, मग मागे. दुसरी खोड अवघड शब्दांची. तारण, पुनर्जन्म, पवित्रीकरण हे देवळातले शब्द, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला ते कळत नाहीत. "माझा राग गेला, भावाशी बोलणं सुरू झालं" हे कळतं. आजारांची यादी आणि सुनेची गाऱ्हाणी पानावर आलीच, तर मेळाव्याआधी पान तपासणाऱ्या बाईंनी हळूच पेन्सिल फिरवायची. त्या फिरवायच्याही.

जेवण साडेबाराच्या पुढे ढकलायचं नाही. इन्सुलिन घेणारे बरेच असतात; सुई टोचून झाली आणि पंगत लांबली की घाम सुटतो, हात थरथरतात. भाषण कितीही रंगलं तरी वाढप्यांनी ताटं मांडायला घ्यावीत. बेत सोलापुरी: ज्वारीची भाकरी, मटणाचा पातळ रस्सा, न खाणाऱ्यांना वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, भात, ताक. कडक भाकरी कवळीला चालत नाही, पण ती नसली तर नाराजी. म्हणून ती आधीच कुस्करून वाडग्यात घालायची, वरून गरम रस्सा ओतायचा, पाच मिनिटं मुरू द्यायची. चटणीत तिखट निम्मं आणि कूट बारीक, दाण्याचे तुकडे कवळीखाली अडकतात.

जेवणानंतर गट. पेंगणाऱ्यांना भाषण ऐकवण्यात अर्थ नसतो, हाताला काम दिलं की झोप उडते. एक गट नातवंडांचा. नातू पुण्यात, इंग्रजी शाळेत, देवनागरी अडखळत वाचतो. त्याला पुस्तक पाठवून उपयोग नाही, आवाज पाठवावा. स्तोत्र २३ मध्ये सहा वचनं. आठवड्याला एक, मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवायचं, रविवारी फोनवर म्हणवून घ्यायचं. सहा आठवड्यांत स्तोत्र पाठ. त्यानंतर घराण्यातला पहिला बाप्तिस्मा कुणाचा, कुठल्या गावी, तेव्हा भावकीनं काय केलं, ते सांगायचं. साल आठवत नसेल तर मंडळीच्या नोंदवहीत सापडतं. बायबलातल्या लोइस आजीनं नातू तीमथ्याच्या घरात विश्वास असाच तर पोचवला.

दुसरा गट दवाखान्यातल्या भेटींचा. दोघांनी जायचं, एकट्यानं नाही. आधी नर्सला विचारायचं, मग रोग्याला: "प्रार्थना केलेली चालेल?" नको म्हटलं तर बसून विचारपूस करायची आणि उठायचं. भेट दहा मिनिटांची. खाटेवर टेकायचं नाही, आणि पाप-शिक्षेचा विषय तिथे काढायचा नाही. रोगी तोंड फिरवून पडला असताना उपदेश ऐकवणं हा चक्क जुलूम आहे.

तिसरा गट फोनवाल्यांचा, गुडघे गेलेल्यांचा. रोज संध्याकाळी पाच ते सहामध्ये दोन फोन, प्रत्येकी पाच मिनिटं, एक वचन. हा गट सगळ्यांत टिकाऊ निघाला. जिना उतरावा लागत नाही, रिक्षाचे पैसे लागत नाहीत.

अडीचला निघायचं. रेल्वे लाईन्सची एक रिक्षा, बाळे भागाची एक, जुळे सोलापूरच्या दोन. प्रत्येकीबरोबर तरुण संघातला एक मुलगा, त्यानं दारात सोडून घरच्यांशी बोलून यायचं. न आलेल्यांची नावं त्याच संध्याकाळी काढायची आणि आठवड्याभरात त्यांच्याकडे पोचायचं: एक कोरी वही, डब्यात थोडी चटणी, आणि पाळकसाहेब सोबत असतील तर अंथरुणाला खिळलेल्यांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस. जाण्याआधी फोन करावा, म्हणजे घरच्यांना त्यांना उठवून बसवायला वेळ मिळतो.