एकाच कंपनीत सीएनसी आणि कांदा-लसूण मसाला

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, मशीनवर जॉबवर्क (इतर कारखान्यांसाठी सुटे काम) करते. वहिनींच्या कांदा-लसूण मसाल्याला नातेवाइकांबाहेरूनही मागणी येऊ लागल्यावर तो रीतसर व्यवसाय म्हणून उभा करायचे घरात ठरले, आणि 'कंपनी आहेच, तिच्यातच घालू' ही सूचना सर्वांत आधी पुढे आली. पॅन, जीएसटी क्रमांक, चालू खाते, ऑडिट सारेच तयार असल्याने ती स्वाभाविकही होती. शिवाय सुरुवातीला मसाल्यात तोटा आला तर तो जॉबवर्कच्या नफ्यातून वजा होऊन कर कमी भरावा लागेल, हे दादाला विशेष आवडले होते.

कायद्याची आडकाठी फारशी नाही. मेमोरँडमच्या, म्हणजे कंपनीच्या स्थापना-दस्तऐवजाच्या, उद्देशांत खाद्यपदार्थ बसत नसतील, तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 13 नुसार विशेष ठराव करून तो 30 दिवसांत कंपनी निबंधकांकडे दाखल करावा लागतो. ही निव्वळ औपचारिकता वाटते, पण 1875 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या अ‍ॅशबरी कंपनीचा बेल्जियममधील रेल्वेमार्गासाठीचा करार केवळ उद्देशांबाहेरचा म्हणून रद्दबातल ठरवला होता, आणि भागधारकांच्या मंजुरीनेही तो वाचला नव्हता.

जीएसटीत मात्र हिशेब उलटा फिरतो. वहिनींनी स्वतःच्या नावावर राज्यातल्या राज्यात केवळ माल विकला, तर वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या वर जाईपर्यंत नोंदणी लागत नाही; कंपनीच्या नावावर विकला तर पहिल्या पाकिटापासून कर. मसाल्यापुरती कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर, पण गिऱ्हाइकाला त्याची वजावट नाही) घ्यावी म्हटले, तर ती एका पॅनखालच्या सगळ्याच व्यवसायाला लागते, आणि आमच्या इंजिनिअरिंग गिऱ्हाइकांना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) हवे असल्याने तो मार्गही बंद.

पण माझा खरा आक्षेप वेगळा होता. 'लिमिटेड' या शब्दाने भागधारकांचे घरदार कंपनीच्या देण्यांपासून वाचते (बँकेला वैयक्तिक हमी दिली नसेल तर), परंतु त्याच कंपनीतील एका धंद्याला दुसऱ्या धंद्यापासून काडीचेही संरक्षण मिळत नाही, कारण कायद्याच्या लेखी दोन्ही मिळून एकच व्यक्ती असते. एखाद्या लॉटमध्ये भेसळीची मिरची निघून दावा लागला, तर तो कंपनीवर लागणार आणि वसुली मशीनपर्यंत पोहोचू शकणार. उलट, कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी, बँकेकडे कंपनीचा सगळा माल आणि येणी तारण असल्याने दरमहा स्टॉक स्टेटमेंटमध्ये ईएन-8 पोलादाच्या बारखाली संकेश्वरी मिरचीची पोती लिहावी लागली असती, आणि वाहन उद्योगात मंदी येऊन कंपनीचे कर्ज थकले की त्या पोत्यांवरही बँकेचा हक्क. पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. आमच्या नावातला 'इंजिनिअरिंग' हा शब्द मसाल्याच्या पाकिटावर कसा दिसला असता, ते वहिनींनीच आम्हाला सांगितले.

म्हणून मसाला वहिनींच्या मालकीचा स्वतंत्र व्यवसाय म्हणून सुरू झाला: अन्नसुरक्षा नोंदणी, चालू खाते आणि जागा, सारे वेगळे. कंपनीतून त्यांना भांडवल उसने देण्याचा विचारही कंपनी कायद्याच्या कलम 185 पाशी अडला. संचालकाच्या नातेवाइकाला कर्ज देण्यास हे कलम मनाई करते, आणि दादा संचालक आहे. खासगी कंपन्यांना यात सवलत आहे, परंतु त्यासाठी बँकेचे कर्ज भरणा झालेल्या भागभांडवलाच्या दुपटीपेक्षा कमी असावे लागते, आणि आमच्यासारख्या लहान भांडवलाच्या कारखान्यात ते क्वचितच असते. पैसे शेवटी दादाने स्वतःच्या बचतीतून घातले.

पुढे उलाढाल वाढली, तर मसाल्यासाठी वेगळी प्रायव्हेट लिमिटेड काढून हा व्यवसाय तिच्याकडे सोपवता येईल. उलट, चालत्या कंपनीच्या पोटातून एक धंदा बाहेर काढायचा झाला, तर मूल्यांकन, भांडवली नफ्यावरील कर, बँकेची संमती आणि नव्या नावाने परवाने, असे सगळेच मागे लागते.