हा झांगचा घाट: चालत नसलेलं लायसन्स, भाड्याचं हेल्मेट आणि खिशातली चॉकलेटं

आधी पैशांचं सांगतो, कारण त्यापायी आमचा दीड दिवस आणि जवळजवळ पंचवीस हजार रुपये गेले. आपल्या आरटीओत मिळणारं आंतरराष्ट्रीय लायसन्स व्हिएतनाममध्ये चालत नाही. 'पोलीस सोडून देतात', 'आमचे मित्र जाऊन आले, कुणी विचारलंही नाही' असं ज्यांनी आम्हाला सांगितलं, त्यांनी आमचं नुकसान केलं. आपला परवाना रस्ते वाहतुकीच्या 1949च्या जिनिव्हा करारानुसार निघतो आणि व्हिएतनाम 1968चा व्हिएन्ना करार मानतो. दोन्ही पुस्तिका दिसायला जवळपास सारख्याच, त्यामुळे फसायला होतं. भाड्याने गाडी देणाऱ्याला मात्र हा फरक पक्का ठाऊक असतो.

हा झांग हे हनोईच्या उत्तरेला साधारण तीनशे किलोमीटरवरचं गाव. तिथून चीनच्या सीमेलगतच्या डोंगरांतून साडेतीनशे किलोमीटरचा वळसा घालून परत यायचं. त्याच नावाचा हा झांग प्रांत जुलै 2025पासून तुयेन क्वांग प्रांतात विलीन झाला आहे, पण फिरणारे सगळे अजून 'हा झांग लूप'च म्हणतात. मी आणि माझा मावसभाऊ, दोघंही आंबेनळी, वरंधा कोळून प्यायलेले, त्यामुळे घाटाची धास्ती नव्हती. रात्रीच्या बसने उतरलो आणि एका दुकानातून 110 सीसीच्या दोन गाड्या घेतल्या. दुकानदाराने लायसन्स उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "इंडिया? ओके, ओके." गाव सोडून पंधरा किलोमीटरसुद्धा झाले नसतील, तोच पोलिसांनी थांबवलं.

पोलीस अजिबात उर्मट नव्हते, हे मुद्दाम सांगतो. छापील तक्ता दाखवला, दंडाची रीतसर पावती दिली. माणशी तीस लाख डोंग, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास. गाड्या सात दिवसांसाठी जप्त. खरा तमाशा झाला तो दुकानात. जप्तीच्या सातही दिवसांचं दोन्ही गाड्यांचं भाडं तुम्हीच द्या म्हणून तो हटून बसला, अठ्ठावीस लाख डोंग. पासपोर्ट त्याच्याकडे अडकलेला. दोन तास हुज्जत घातल्यावर निम्म्यावर तुटलं. म्हणून सांगतो, पासपोर्ट गहाण ठेवायचा नाही, रोख अनामत द्यायची. आणि वैध लायसन्स नसेल तर गाडी घ्यायचीच नाही. पडलात तर विमा कंपनी लायसन्सच आधी विचारणार. पन्नास सीसीखालच्या गाडीला लायसन्स लागत नाही, असा एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. कायद्याने ते खरं आहे. पण सामान घेऊन त्या गाडीवर तो चढ चढायचा म्हणजे मागच्या प्रत्येक ट्रकला वाट अडवायची. नको.

तर मग काय करायचं? स्थानिक चालकामागे डबलसीट बसायचं. तीन दिवसांचे जेवण-मुक्कामासह माणशी पंचेचाळीस लाख डोंग पडले. स्वतः चालवायची हौस असलेल्यांना हे जड जाईल, आम्हालाही गेलं. पण हाच एक सरळ मार्ग आहे.

आता हेल्मेट. मी माझं आयएसआयचं घरून नेलं होतं. भावाने नेलं नाही, 'तिथे मिळतंच' म्हणाला. मिळालं ते असं: वरून चकचकीत, आत नुसतं फडक्याचं अस्तर. अंगठ्याने दाबलं की कवच आत जायचं. थर्माकोलचा थरच नाही. हनुवटीचा पट्टा ओढला तर क्लिप हातात आली. आमचा चालक सव्वीस-सत्तावीसचा पोरगा. त्याने ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं आणि मान हलवली. येन मिन्हच्या बाजारात त्याने गाडी थांबवली आणि भावाला दुसरं घ्यायला लावलं, साडेचार लाख डोंगचं. मागच्या बाजूला 'सीआर'चा, म्हणजे तिथल्या प्रमाणित हेल्मेटचा, शिक्का आहे का, आत जाड थर आहे का, पट्टा झटका दिला तरी टिकतो का, एवढं त्याने स्वतः तपासलं. तुम्हीही हेच तपासा. शिक्का नसलेलं हेल्मेट पोलिसांना दाखवण्यापुरतं असतं, डोक्यासाठी नसतं.

संध्याकाळी फोनवरच्या भाषांतरातून बोलता बोलता त्याने लहानपणचं सांगितलं. शाळेत होता तेव्हा एके दिवशी सगळा देश डोक्यात हेल्मेट घालून बाहेर पडला. तो दिवस 15 डिसेंबर 2007. मी आधी थोडं वाचून गेलो होतो म्हणून ते ऐकताना अंगावर काटा आला. त्याआधी तिथे हेल्मेटला लोक 'भात शिजवायचा कुकर' म्हणून हिणवायचे. ग्रेग क्राफ्ट नावाच्या अमेरिकन माणसाने 1999 साली एआयपी फाउंडेशन ही ना-नफा संस्था सुरू केली आणि सुरुवात केली शाळांपासून. मुलांना हेल्मेट वाटायची, शिक्षकांना आणि आईबापांना शिकवायचं. उकाड्यात लोक जड हेल्मेट घालत नाहीत, म्हणून संस्थेने हनोईत स्वतःचा कारखाना काढला. त्या हवामानाला झेपेल असं हलकं, भोकांचं हेल्मेट बनवलं आणि कामावर अपंग माणसांना घेतलं. वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागून शेवटी सक्ती आली, आणि आली ती दंडासह, एकाच दिवशी, देशभर. बघता बघता दहातले नऊ दुचाकीस्वार हेल्मेट घालू लागले.

पण त्या कायद्यात एक भोक राहिलं होतं. मोठ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, पुढ्यात उभं असलेलं पोर मात्र उघडं. हेल्मेटच्या वजनाने मुलाची मान दुखावते, असं आईबापांना वाटायचं. ती समजूत खोडून काढायला पुन्हा डॉक्टर, शिक्षक आणि संस्था कामाला लागल्या. 2010मध्ये सहा वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट नसेल तर गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसाला दंड सुरू झाला. पुण्यात 2019च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीच्या विरोधात निघालेले मोर्चे मी पाहिले आहेत. चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर हेल्मेट आणि पट्टा हवाच, हा नियम आपल्याकडेही 15 फेब्रुवारी 2023पासून लागू आहे. तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी शाळेच्या वेळी उभं राहून किती पोरांच्या डोक्यावर हेल्मेट दिसतं ते मोजा. मी मोजलं आहे आणि मला त्याची लाज वाटते.

दुसरी चूक सर्वस्वी आमची. 'डोंगरात गरीब पोरं भेटतात, चॉकलेटं न्या' असं एका ग्रुपवर वाचून आम्ही दोन किलो चॉकलेटं नेली होती. येन मिन्ह ते डोंग वानच्या वाटेवर थाम माची नागमोडी चढण लागते. वरच्या वळणावर पाठीवर फुलांच्या टोपल्या घेतलेल्या ह्मोंग जमातीच्या चिमुकल्या मुली उभ्या असतात, पर्यटकांसोबत फोटो काढून पैसे घेण्यासाठी. भाऊ खिशात हात घालतोय तोच चालकाने त्याचं मनगट धरलं आणि "नो" म्हणाला. आम्ही पाहत होतो तेवढ्यात एक पोरगी पुढच्या गाडीवरच्या माणसाकडे धावली, वळणावरून ट्रक खाली येत असताना. ट्रकवाल्याने कचकन ब्रेक मारला. ती चार-पाच फुटांवरून वाचली. दिवस कुठला होता? मंगळवार, शाळेचा. रस्त्यावर मिळणारा प्रत्येक खाऊ त्या मुलीला शाळेतून काढून वळणावर आणून उभं करतो, हे मला तिथे एका क्षणात कळलं. रस्त्यावर काहीही वाटू नका. काहीही म्हणजे वह्या-पेनंसुद्धा नाहीत.

चालक आम्हाला पुढच्या एका गावच्या शाळेत घेऊन गेला. शाळा सुटायची वेळ होती. व्हरांड्यात तार बांधलेली, तारेवर ओळीने लहान हेल्मेटं टांगलेली, प्रत्येकाच्या आत पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. एकेक पालक गाडी घेऊन आला की बाई नाव पुकारायच्या, पोर आपलं हेल्मेट काढून आणायचं. बाई पट्टा लावायच्या आणि हनुवटीखाली दोन बोटं घालून बघायच्या. दोन बोटं सहज शिरली तर पट्टा आवळायच्या आणि पुन्हा बघायच्या. एका आजीला घाई होती, तिने गाडी सुरू केली. बाईंनी चावी फिरवून गाडी बंद केली, पट्टा नीट लावला आणि मगच जाऊ दिलं. आम्ही चॉकलेटं पुढे केली. बाईंनी पिशवी घेऊन कपाटात ठेवली, सणाला सगळ्यांना सारखी वाटेन म्हणाल्या.

तिथल्या दूरच्या पाड्यांवरची मुलं आठवडाभर शाळेतच राहतात. कित्येक वर्षं त्यांच्या ताटात भात आणि पातळ पाणीच असायचं. हनोईतले माजी टीव्ही अधिकारी च्यान डांग तुआन यांनी ते डोंगरात पाहिलं आणि 2011 साली 'कोम को थित', म्हणजे 'मांसासकट भात', नावाची मोहीम सुरू केली. लोकांनी पैसे दिले आणि डोंगरातल्या शाळांच्या ताटांत मांस आलं. तुम्हाला द्यायचंच असेल तर असं द्या. शाळेत जा, बाईंना विचारा. गरज बहुतेक वेळा ब्लँकेटची किंवा गमबुटांची असते.

डोंग वान, तिथला रविवारचा बाजार, मा पी लेंगचा घाट, खाली हिरवीगार न्हो क्वे नदी, याचे फोटो सगळीकडे आहेत. एवढंच लक्षात ठेवा की 1959 ते 1965 या काळात आसपासच्या जमातींच्या तरुणांनी इथला हा रस्ता, 'हॅपिनेस रोड', हाताने फोडला. मा पी लेंगच्या कड्यावर तर महिनोन्महिने दोराला लोंबकळत पहारी चालवल्या. तिथे थांबून आपली गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी लावून फोटो काढणारे लोक पाहिले की संताप येतो.

खरा कस लागतो परतीच्या वाटेवर, माउ दुए ते दू झा. ज्यांनी आम्हाला 'तो रस्ता सुंदर आहे, तोच घ्या' सांगितलं, ते कोरड्या दिवसांत गेले असणार. आदल्या रात्री पाऊस पडला होता. डांबर मध्येच संपतं, पुढे लाल चिखल, त्यात ट्रकच्या चाकांनी पाडलेल्या गुडघाभर खोल चाकोऱ्या. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी, कठडा नाही. पाच किलोमीटरला दीड तास लागला. सरळ रेषेत जायचंच नाही, चाकोरी सोडली की मागचं चाक घसरतं, चाकोरीत राहिलं की फुटरेस्ट घासतो. मी दोनदा उतरून चाललो. पाऊस झाला असेल तर हा रस्ता घेऊ नका, मेओ वाक गावाहूनच आल्या वाटेने परत फिरा. एक दिवस जास्त लागला तरी चालेल.

शेवटच्या उतारावर भावाची गाडी आडवी झाली. वेग चालण्याइतका. चालक बाजूला पडला, भाऊ मागे, आणि डोकं दरडीच्या दगडावर आपटलं. तो आवाज मी दहा फुटांवरून ऐकला. धावत जाऊन पाहतो तर तो उठून बसला होता, "दादा, मी बरा आहे" म्हणत होता आणि हात थरथरत होते. हेल्मेट काढलं. कानाच्या वर बोटभर लांबीची भेग, आतला थर दबलेला. येन मिन्हला विकत घेतलेलं ते हेल्मेट. दुकानातलं फडक्याचं टोपलं डोक्यावर असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या रात्री झोपेपर्यंत करत होतो.

दू झाला पोचल्यावर भावाला ते हेल्मेट आठवण म्हणून घरी न्यायचं होतं. चालकाने आधी ते मागून घेतलं, चाकूने पट्टा दोन्हीकडून कापला आणि मग परत दिलं. एकदा आपटलेलं हेल्मेट चांगलं दिसलं की कुणीतरी पुन्हा घालतं, म्हणाला. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी त्याने गावात नवं हेल्मेट मिळवलं, तीन दुकानं फिरून.