ग्लेनचा मृत्यू आणि चाहत्यांचा राग

‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकी मालिकेच्या सातव्या पर्वाचा पहिला भाग २३ ऑक्टोबर २०१६ रोजी प्रसारित झाला आणि टीव्हीवरील हिंसेविषयी मोठा वाद पेटला. त्या वादात चाहत्यांची बाजू अर्धवटच मांडली गेली, असे मला आजही वाटते. रक्तपात पाहवला नाही म्हणून लोक चिडले, असा सोपा निष्कर्ष काढून अनेक जण मोकळे झाले. परंतु ज्या मालिकेत पहिल्या पर्वापासून चालते-फिरते मुडदे माणसांचे लचके तोडतात आणि माणसे त्या मुडद्यांच्या कवट्या फोडतात, ती मालिका सहा पर्वे निष्ठेने पाहणाऱ्या प्रेक्षकाला रक्ताचे वावडे कसे असेल? चाहत्यांना खरा संताप आला तो एका मृत्यूचा आमिषासारखा वापर झाल्याचा, आणि त्याची सुरुवात या भागाच्या कितीतरी आधी झाली होती.

सहावे पर्व ३ एप्रिल २०१६ रोजी संपले. शेवटच्या प्रसंगात निगन हा खलनायक गुडघ्यांवर बसवलेल्या अकरा जणांपुढून काटेरी तार गुंडाळलेली बॅट घेऊन फिरतो, त्यांतील एकाला निवडतो आणि घाव घालतो. मात्र त्या क्षणी कॅमेरा बळी जाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाहत असल्यामुळे मेले कोण, हेच कळत नाही. प्रेक्षकांचा जीव साडेसहा महिने टांगणीला लागला. त्यातही हा दुसरा अनुभव होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये पहिल्या पर्वापासूनचे पात्र असलेला ग्लेन मुडद्यांच्या गर्दीत कोसळतो आणि त्याचे कोथळे बाहेर काढले जात आहेत असा भास निर्माण केला जातो. पुढे काही भागांच्या श्रेयनामावलीतून ग्लेनची भूमिका करणारा अभिनेता स्टीवन यून याचे नावही गाळण्यात आले होते. काही आठवड्यांनी ग्लेन एका कचरापेटीखालून सुखरूप बाहेर आला. एकदा अशी हुलकावणी मिळालेल्या माणसाला पुन्हा ‘कोण मेले ते ओळखा’ म्हणून बसवून ठेवणे, ही मला तरी निव्वळ बेपर्वाई वाटली.

ऑक्टोबरमध्ये उत्तर मिळाले तेही लगेच नाही. भागाचा बराच वेळ सूत्रधारांनी नाव लपवण्यातच घालवला. आधी त्या अकरा जणांतील अब्राहम मारला गेला, आणि निदान आता तरी सुटलो असे वाटेपर्यंत निगनने ग्लेनच्या डोक्यात बॅट घातली. फुटलेली कवटी, खोबणीतून बाहेर आलेला डोळा आणि त्याही अवस्थेत गरोदर पत्नी मॅगीशी बोलण्याची त्याची धडपड, हे सारे कॅमेऱ्याने जवळून आणि सावकाश दाखवले. अमेरिकेत हा भाग सुमारे १ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला. पुढच्याच आठवड्यात तो आकडा सुमारे १ कोटी २५ लाखांवर आला. जानेवारी २०१७ मध्ये निर्मात्या गेल ॲन हर्ड यांनी, प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया लक्षात घेऊन पुढील भागांतील हिंसा सौम्य केल्याचे सांगितले. रोगावर नव्हे, पण लक्षणावर तेवढे औषध झाले. माझा अंदाज असा, की गळालेल्या प्रेक्षकांपैकी पुष्कळ जण केवळ नाव कळावे म्हणून आले होते. नाव कळले आणि ते निघून गेले.

मृत्यूचे कोडे घालून प्रेक्षकाला थांबवून ठेवणे मुळातच वाईट आहे, असे मात्र नाही. ‘बाहुबली’चा पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी आला आणि कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न घेऊन देशभरातील प्रेक्षक २८ एप्रिल २०१७ पर्यंत थांबले. त्या प्रश्नावर घरोघरी विनोद झाले, पैजा लागल्या. फसवणूक झाल्याची भावना मात्र क्वचितच दिसली. याचे कारण सरळ आहे. कोण मेले आणि कोणाच्या हातून मेले, हे दिग्दर्शकाने स्पष्ट दाखवले होते. राखून ठेवले होते ते केवळ कारण. कारणाची वाट पाहताना माणूस कथेचा विचार करतो, पात्रांचे स्वभाव तपासतो. नावाची वाट पाहताना तो आपल्या आवडत्या माणसांपैकी कोणाचा बळी परवडेल याचा हिशेब करू लागतो, आणि असा हिशेब करायला लावणाऱ्याविषयी त्याच्या मनात माया उरत नाही.

‘द हंड्रेड’ या मालिकेतील लेक्साच्या मृत्यूचे दुखणे वेगळे होते. ३ मार्च २०१६ च्या भागात लेक्सा आणि क्लार्क या दोघी प्रथमच एकत्र येतात आणि त्यानंतर लगेचच दुसऱ्यासाठी झाडलेली गोळी लागून लेक्सा मरते. येथे हिंसा म्हणावी तर एक गोळी. परंतु समलिंगी स्त्रीपात्राला सुख दिसू लागताच मारून टाकण्याची पडद्यावरील जुनी खोड ज्यांनी वर्षानुवर्षे सोसली होती, त्यांना ही गोळी भलतीच जिव्हारी लागली. चाहत्यांनी समलिंगी तरुणांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या ‘द ट्रेव्हर प्रोजेक्ट’ या संस्थेसाठी एक लाख डॉलरहून अधिक निधी उभा केला आणि मालिकेचे कर्ते जेसन रॉथेनबर्ग यांना जाहीर माफी मागावी लागली. चाहत्यांचा राग म्हणजे पोरकटपणा, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

त्याच वर्षी, २९ एप्रिलला, आपल्याकडे ‘सैराट’ प्रदर्शित झाला. आर्ची आणि परशाचे खून नागराज मंजुळे यांनी दाखवलेच नाहीत. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो; नंतर शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते आणि पडद्यावर आवाज उरत नाही. उरतात ती रक्तात उमटलेली इवलीशी पावले. इतका क्रूर शेवट कशाला, असे विचारणारे तेव्हा भेटले आणि मीही त्यांच्याशी वाद घातला, परंतु दिग्दर्शकाने आपल्याला फसवले असे त्यांतील कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. जातीच्या अभिमानातून असे खून होतात हे सर्वांना ठाऊक होते. दोन तास नाचगाण्यात आपणच ते विसरलो होतो.

‘वॉकिंग डेड’च्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र विचारात घेण्याजोगा आहे. ग्लेन मूळ चित्रकथेतही निगनच्याच हातून, २०१२ साली निघालेल्या शंभराव्या अंकात, तसाच मरतो. मग मालिकेने मूळ कथेशी इमान राखले तर बिघडले कुठे? उत्तर माध्यमात आहे. कागदावरील काळ्या-पांढऱ्या चित्राकडे किती वेळ पाहायचे, हे वाचक ठरवतो आणि नको वाटले तर पान उलटतो. पडद्यावर ती मुदत दिग्दर्शक ठरवतो. शिवाय अंकात मेले कोण, हे त्याच अंकात कळत होते.

हेच इमान पुढे मालिकेने सोडले. आठव्या पर्वात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, नायक रिकचा मुलगा कार्ल मुडद्याच्या चाव्याने मरण पावला. त्या मृत्यूत ना बॅट होती, ना फुटलेली कवटी. वडिलांचा आणि त्यांची साथीदार मिशोन हिचा निरोप घ्यायला त्याला भरपूर वेळ मिळाला. तरीही सूत्रधार स्कॉट गिंपल यांना काढून टाकावे, या मागणीच्या अर्जावर हजारो चाहत्यांनी सह्या केल्या. हिंसा सौम्य करून राग शमणार असता, तर या प्रसंगावर कोणी ब्रही काढला नसता. चित्रकथेचा शेवटचा अंक जुलै २०१९ मध्ये आला. त्यात कार्ल मोठा झालेला आहे, त्याला मुलगी आहे आणि संपूर्ण कथा त्याच्यापाशीच येऊन थांबते. मालिकेकडे मात्र त्या शेवटासाठी कार्ल उरलेलाच नव्हता.