रोम ते नेपल्स, व्हाया कसिनो

टूर मॅनेजरचं खरं काम म्हणजे मंडळींना वेळेवर जेवायला घालणं आणि बस सुटण्याआधी डोकी मोजणं. इतिहास सांगायचा तो बसमध्ये, माइकवर. इटलीत खाली उतरून सांगायचा तर परवानाधारक गाइड लागतो.

त्या सकाळी रोम सोडून नेपल्सकडे निघालो होतो. आदल्या दिवशी पियाझ्झा वेनेझिया चौकातली इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याची भाषणांची बाल्कनी सगळ्यांनी पाहिली होती. दोघातिघांनी त्याच्या सलामीसारखे हात ताठ उंचावून फोटोही काढले होते. मी त्यांना दटावून खाली करायला लावले. इटलीत ही गंमत अंगाशी येऊ शकते. बसमध्ये मागच्या सीटवरच्या कॉलेजातल्या मुलीने विचारलं, "पण एवढा आरडाओरडा करणारा माणूस लोकांनी निवडून दिलाच कसा?"

दिला नव्हता. 1921च्या निवडणुकीत त्याच्या फॅसिस्ट पक्षाचे फक्त 35 जण निवडून आले होते. संप आणि कारखान्यांचा ताबा यांनी जमीनदार आणि कारखानदार धास्तावलेले, आणि त्यांना मुसोलिनीच्या काळ्या शर्टवाल्या टोळ्यांची लाठी सोयीची वाटत होती. ऑक्टोबर 1922च्या अखेरीस हे काळे शर्टवाले रोमच्या वेशीवर जमले. पावसात भिजलेले, निम्म्यांकडे धड बंदुका नाहीत. लष्कराने मनावर घेतलं असतं तर दुपारपर्यंत पांगले असते. पंतप्रधान फाक्ता यांनी आणीबाणीचा हुकूम तयार केला, आणि 28 तारखेला सकाळी राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल यांनी त्यावर सही करायला नकार दिला. मुसोलिनी तेव्हा मिलानमध्ये होता. 'रोमवरचा मोर्चा' म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, त्या मोर्च्याचा नेता रोमला आला तो रात्रीच्या रेल्वेने, सरकार बनवण्याचं आमंत्रण खिशात घेऊन. नोव्हेंबरात त्याच्या सरकारवर विश्वासदर्शक मतदान झालं: बाजूने 306, विरोधात 116. 35 जणांच्या पक्षाला बाकीची मतं दिली ती स्वतःला शहाणे समजणाऱ्या नेत्यांनी. बाल्कनीतली भाषणं नंतरची. माझं विचाराल तर रोममध्ये फोटो काढायचाच असेल तर राजाचं अधिकृत निवासस्थान असलेल्या क्विरिनाल राजवाड्याचा काढावा. तिथे कुणी काढत नाही.

पुढचं भराभर सांगितलं. संसदेत उभं राहून निवडणुकीतल्या गुंडगिरीवर बोलणारे समाजवादी खासदार मात्तेओत्ती, 10 जून 1924ला त्यांचं अपहरण आणि खून. जानेवारी 1925मध्ये मुसोलिनीने सभागृहात सगळ्याची जबाबदारी छातीठोकपणे घेतली, आणि कुणी त्याचं काही केलं नाही. मग इथिओपियावर स्वारी. मग मात्तेओत्तींच्या अपहरणाला बरोबर 16 वर्षं झाली त्या दिवशी, 10 जून 1940ला, त्याच बाल्कनीतून ब्रिटन आणि फ्रान्सविरुद्ध युद्धाची घोषणा. फ्रान्स कोसळतच होता. वाटाघाटींच्या टेबलावर बसायला आपल्याला काही हजार मेलेले हवेत, असं तो म्हणाल्याचं त्याचे लष्करप्रमुख बादोल्यो यांनी लिहून ठेवलंय.

काही हजार. एवढ्यात कसिनोचा फाटा आला.

कसिनो आमच्या कार्यक्रमात नसतं. या ग्रुपमध्ये माणगावचे एक निवृत्त गुरुजी होते, त्यांनी निघण्याआधीच गळ घातली होती. ड्रायव्हरला तशीही पाऊण तासाची सक्तीची विश्रांती द्यायची होती, ती थोडी ताणली.

1944च्या जानेवारीपासून मेपर्यंत या टेकडीसाठी दोस्त राष्ट्रं आणि जर्मन यांच्यात चार लढाया झाल्या. 15 फेब्रुवारीला दोस्तांच्या विमानांनी माथ्यावरचा बेनेडिक्टाईन मठ बॉम्ब टाकून भुईसपाट केला; आत जर्मन सैनिक असल्याचा संशय होता. आत होते ते मठवासी आणि आसऱ्याला आलेले गावकरी. जर्मन मग त्या ढिगाऱ्यात शिरले, आणि ढिगारा त्यांना मठापेक्षा सोयीचा पडला. आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनची माणसं याच उतारांवर पडली.

खाली राष्ट्रकुलाच्या दफनभूमीत 4,000हून जास्त कबरी आहेत. मधल्या पाण्याच्या हौदाच्या दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे उंच फलक आहेत, आणि ज्यांची कबर सापडली नाही त्यांची नावं त्यांवर कोरलेली. गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या नावांवरून बोट फिरवत गेले. नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944ला, इथून बरंच उत्तरेला, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. त्यांनी एकट्याने चाल करून ग्रेनेडने ती गन उडवली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून पडले. वय 22. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

"माणगावला पुतळा आहे," गुरुजी म्हणाले. "दर वर्षी पोरांना घेऊन हार घालायला जायचो. पोरं विचारायची, गुरुजी, मेले कुठे? मी म्हणायचो, इटलीत. पुढे काय सांगणार?" आणि नावाचा फोटो काढायला त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. ऊन फलकावरून परतत होतं, दोनदा काढावा लागला.

वर मठाजवळ पोलिश दफनभूमी आहे. 18 मेला अवशेषांवर झेंडा लावला तो पोलिश सैनिकांनी. ते इटलीत कसे, हे विचारल्यावर मला दुसऱ्या हुकूमशहाकडे वळावं लागलं. ऑगस्ट 1939मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी करार केला, सप्टेंबरात पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडची लाखो माणसं स्टालिनने सायबेरिया आणि कझाकस्तानात धाडली. 1941मध्ये हिटलर उलटल्यावर त्यातल्या काहींना सोडलं. जनरल अँडर्स यांनी त्यांची फौज उभी केली, ती इराणमार्गे इथवर आली. बायकामुलं पांगली आफ्रिकेत, मेक्सिकोत आणि...

"वळीवड्याला," कोल्हापूरच्या आजी म्हणाल्या.

हो, कोल्हापूरजवळचं वळीवडे. 1943 ते 1948, सुमारे 5,000 पोलिश माणसांची छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले. आज तेच गांधीनगर, जिथे अख्खं कोल्हापूर लग्नाचा बस्ता बांधायला जातं. आजींचे वडील छावणीत दूध घालायचे. "अण्णा सांगायचे, कॅम्पात नुसत्या बायका आन् पोरं. बापय माणूस औषधालासुद्धा दिसायचा नाही." पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या क्रूसांकडे त्यांनी हात केला. "हितं हायत की सगळे."

जे वाचले त्यांचीही तऱ्हा बरी नव्हती. फेब्रुवारी 1945मध्ये याल्टाच्या बैठकीत त्यांच्या गावांचा प्रदेश दोस्तांनी स्टालिनच्या पदरात टाकला. अँडर्स स्वतः कधी परत गेले नाहीत. 1970मध्ये लंडनला वारले आणि इच्छेनुसार इथे, आपल्या माणसांत पुरले गेले.

बसमध्ये बसल्यावर मुसोलिनीचा शेवट बहुतेकांना माहीत होता. गुरुजींना मात्र दुसरंच हवं होतं. "तुमच्या त्या राजाचं काय झालं?"

1943च्या जुलैत त्यानेच मुसोलिनीला अटक करवली, तेव्हा फार उशीर झाला होता. मे 1946मध्ये गादी मुलाला देऊन इजिप्तला गेला. महिन्याभरात इटलीने सार्वमत घेऊन राजेशाहीच मोडीत काढली. नव्या राज्यघटनेत माजी राजे आणि त्यांचे पुरुष वारस यांना देशात पाय ठेवायला बंदी घातली, ती 2002पर्यंत टिकली.

"त्या घटनेवर तरी सही झाली ना वेळेवर?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि बस हसली.

झाली, 27 डिसेंबर 1947ला. राजा दुसऱ्याच दिवशी अलेक्झांड्रियात वारला. त्याचे अवशेष इटलीत परत आले ते 2017मध्ये, आणि तेव्हाही त्यावरून भांडण झालंच. नातवंडांना बंदी घालणं रास्त होतं का, यावर आमच्या बसमध्येही नेपल्स येईपर्यंत दोन तट पडले होते.