रूट काढून टाकलं तेव्हा कुठे कनेक्शन लागलं

३० सप्टेंबर २०२१. संध्याकाळी साडेसातनंतर अलर्ट धडाधड यायला लागले, आमची ऑर्डरवाली सर्व्हिस पेमेंटवाल्या सर्व्हिसशी बोलायलाच तयार नाही, लॉगमध्ये एकच रड, सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) एक्स्पायर झालंय. आणि ब्राउझरमध्ये तोच पत्ता उघडला तर सगळं ठीक, सर्टिफिकेट नुकतंच रिन्यू झालेलं!

सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्टचं, म्हणजे फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं. सर्व्हर पाठवतो ती चेन, म्हणजे एकाने दुसऱ्याची खात्री देणाऱ्या सर्टिफिकेटांची साखळी, वरपासून खालपर्यंत बघितली तेव्हा शेवटी नाव दिसलं, डीएसटी रूट सीए एक्स३. हे जुनं रूट, म्हणजे साखळीच्या टोकाचं, ज्यावर मशीन थेट भरवसा ठेवतं ते सर्टिफिकेट, त्याच संध्याकाळी आपल्या वेळेने ७ वाजून ३१ मिनिटांनी संपलं होतं. नवं रूट, आयएसआरजी रूट एक्स१, आमच्या सर्व्हरवरच्या सेंटओएस ७ या लिनक्सवर होतं की, पण तिथलं सर्टिफिकेट तपासणारं ओपनएसएसएल १.०.२ आधी सर्व्हरने दिलेल्या चेनच्या मागे जातं, जुन्या रूटपाशी पोचतं, ते संपलेलं दिसलं की नकार देऊन मोकळं, शेजारचा धड रस्ता बघतच नाही. चेन लेट्स एनक्रिप्टनेच मुद्दाम तशी ठेवलेली, कारण ७.१.१ च्या आधीचे अँड्रॉइड फोन नवं रूट ओळखत नाहीत आणि जुन्याची मुदत तपासत नाहीत.

कॉलवर सर म्हणाले, "सर्टिफिकेटचं व्हेरिफिकेशन तात्पुरतं बंद करा, ट्रॅफिक आपल्याच नेटवर्कमधलं आहे."

मी नाही म्हटलं, जरा जोरातच. समोर खरंच पेमेंटची सर्व्हिस आहे हे कळायला आमच्याकडे तेवढा एकच चेक होता, तो काढला तर त्या नावाने जो कोणी उत्तर देईल त्याच्या हातात आपण टोकन, म्हणजे आपली ओळख पटवणारी गुप्त किल्ली, ठेवणार. आतलं नेटवर्क म्हणून भरवसा ठेवायचा हे मला अजूनही पटत नाही, एक मशीन फुटलं की आतलं-बाहेरचं काही उरत नाही. आणि तात्पुरतं बंद केलेलं परत चालू कोण करतं?

"सर, एका मशीनवर करून दाखवते, मग ठरवा."

जुनं रूट ब्लॅकलिस्टच्या फोल्डरमध्ये टाकलं, भरवशाच्या रूटची यादी ताजी करणारी अपडेट-सीए-ट्रस्ट कमांड चालवली, सर्व्हिस रिस्टार्ट केली. जुना रस्ता बंद झाल्यावर ओपनएसएसएलने दुसरी चेन शोधली आणि पहिल्याच कॉलला २००, म्हणजे 'सगळं ठीक' असं उत्तर, आलं. सर म्हणाले, "बाकीच्यांवर पण टाक."

एक जावावाली सर्व्हिस तरी अडून बसली. तिचा ट्रस्टस्टोअर, म्हणजे भरवशाच्या रूटची यादी, स्वतःचा, ऑपरेटिंग सिस्टीमवर काय बदललं याच्याशी तिला घेणंदेणं नाही, आणि जावा ८ च्या १४१ व्या अपडेटआधी नवं रूट त्यात नव्हतंच, ते जावाच्या कीटूल कमांडने हाताने घातलं.

आता आमच्याकडे चेनमधल्या प्रत्येक सर्टिफिकेटच्या मुदतीवर अलर्ट आहे, आणि कोडमध्ये कुठे व्हेरिफाय फॉल्स, म्हणजे तपासणी बंद, दिसलं तर बिल्डच फेल होतो.