2,860 रुपयांची चोरी आणि भाचीची केस

भाचीनं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानात मेकअपचं सामान पर्समध्ये टाकलं आणि दारातच ती पकडली गेली. मी पोहोचलो तेव्हा तिला मागच्या खोलीत बसवलं होतं. मालाच्या दहापट पैसे भरा, कबुलीजबाब लिहून द्या, नाहीतर फोटो सगळीकडे फिरवतो, असं मॅनेजर म्हणत होता. आक्का गळ्यातलं मोडायला निघाली होती.

मी आमच्या गल्लीतल्या वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दादा, सही कशावरच करू नका. आधी त्या मालाचं बिल काढून घ्या." बिल झालं 2,860 रुपयांचं. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरलं.

1 जुलै 2024 पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम 303(2) लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा पैसे परत दिले असतील, तर शिक्षा समाजसेवेची. 5,000 रुपयांपेक्षा कमी मालाची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. आणि दहापट दंड घ्यायचा हक्क दुकानदाराला कुठल्याही कायद्यानं दिलेला नाही. घाबरवून पैसे काढले तर ती खंडणी होते. घाबरलेल्या पोरींकडून असे पैसे घेतले जातात याचा मला आजही संताप येतो.

पोलीस ठाण्यात वेगळीच अडचण आली. दुकान म्हणजे माल ठेवायची इमारत, म्हणून 305 लावू, असं बोलणं सुरू झालं. त्या कलमात सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि तडजोडही होत नाही. दुकान गिऱ्हाइकांसाठी उघडं होतं, माल जागेवरच परत मिळाला, हे वकीलबाईंनी शांतपणे मांडलं. बराच वेळ गेला, पण शेवटी 303(2) खाली अदखलपात्र नोंद झाली आणि दुकानाला कोर्टात जायला सांगितलं.

समन्स आलं. आक्काला फीची धास्ती होती. पण बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात अर्ज दिला आणि ती सोय झाली.

भाची म्हणत होती, "मामा, गुन्हा कबूल करते, समाजसेवा करून मोकळी होते." मलाही ते पटत होतं. तिथं वकिलांनी आम्हाला अडवलं. कबुली दिली की शिक्षा कितीही हलकी असली तरी दोषसिद्धी नोंदली जाते. 303(2) मध्ये मालाच्या मालकाच्या संमतीनं तडजोड होते आणि तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. मालक स्वतः समजूतदार निघाले. भाचीनं त्यांची समोरासमोर माफी मागितली आणि कोर्टात तडजोडीचा अर्ज दाखल झाला. तडजोड झाली नसती, तर 1958 च्या प्रोबेशन कायद्याखाली समज देऊन सोडण्याची विनंती करायची तयारी होती.

ती सरकारी भरतीची तयारी करते. फॉर्मवर "कधी खटला झाला होता का" असं विचारलं, तर "हो" लिहून निकालाची प्रत जोडायची, असं वकिलांनी बजावलंय. खटला लपवला म्हणून नेमणूक रद्द होऊ शकते. त्या निकालाच्या प्रमाणित प्रती आम्ही जादाच काढून ठेवल्यात.